समोरच्याचे डोळे : मोटारीच्या दिव्यांचा शंभर वर्षांचा पेच

हा मजकूर ज्या मोबाइलच्या पडद्यावर वाचला जात आहे, त्याच्या थरांमध्ये प्रकाश गाळणारी एक अतिशय पातळ फिल्म आहे. ती नसेल तर एलसीडी पडद्यावर एक अक्षरही उमटणार नाही. या फिल्मचा जनक मोबाइलचा विचार करत नव्हता, गॉगलचाही नाही. रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याने डोळे दिपू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता.

फिल्म जगभर पोहोचली. मोटारीच्या दिव्यावर मात्र ती कधीच बसली नाही. हा धागा त्या अपयशाचा, आणि त्याच्या आगेमागे घडलेल्या खटपटींचा. आपल्याला लांबवर दिसावे म्हणून टाकलेला उजेड समोरच्याचे दिसणे हिरावून घेतो. आणि हा पेच एकट्याच्या गाडीवर, एकट्याच्या पैशाने सुटत नाही, हे मोटारजगताला कळायला फार वर्षे लागली.

सुरुवात तेलाच्या वातीपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मोटारींना घोडागाडीचेच दिवे लावलेले असत: वात, काच आणि पितळी कोंदण. स्वतःला रस्ता दिसावा यापेक्षा आपण येत आहोत हे इतरांना कळावे, हाच त्यांचा खरा उपयोग. बैलगाडीच्या आसाखाली डुलणारा कंदीलही तेच काम करत असे. या दिव्यांनी कोणाचे डोळे दिपल्याची तक्रार होण्याचे कारणच नव्हते.

मग आला कार्बाइडचा दिवा. १८९२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात थॉमस विल्सन याला विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सापडली. या करड्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो झगझगीत पांढऱ्या ज्योतीने जळतो. आंब्याच्या अढीत चोरून ठेवली जाणारी कार्बाइडची पुडी महाराष्ट्राला चांगलीच परिचित आहे. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून जो वायू सुटतो, तो हाच.

कार्बाइडची ज्योत वारा-पावसाला सहसा दाद देत नसे. मागे अंतर्वक्र आरसा बसवला की उजेड प्रथमच दूरवर फेकता येऊ लागला. अडचण एकच होती: प्रत्येक फेरीआधी खडे भरा, पाणी भरा आणि नंतर चुन्याचा गाळ खरवडून काढा. ती दूर करण्यासाठी १९०४ साली इंडियानापोलिसमध्ये कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी ॲसिटिलीन भरलेल्या टाक्या विकण्याचा धंदा सुरू केला. ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ हे त्याचे नाव. मोटारीच्या दिव्यांवर फिशर आणि ॲलिसन गब्बर झाले, आणि १९०९ मध्ये इंडियानापोलिसची जगप्रसिद्ध शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्या चौघांत हे दोघेही होते.

याच वायूची दुसरी कथा स्वीडनची आहे. गुस्ताफ दालेन या अभियंत्याने दीपगृहांसाठी असा झडपयंत्राचा शोध लावला की सूर्य उगवला की ॲसिटिलीनचा दिवा आपोआप विझावा आणि मावळला की पेटावा. १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि दालेनची दृष्टी कायमची गेली. हजारो खलाशांना अंधारात वाट दाखवणारा हा माणूस पुढची पंचवीस वर्षे, १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, स्वतः अंधारात राहून आपली कंपनी चालवत होता.

विजेचे दिवे मोटारींना याआधीच लागू लागले होते, पण फिलामेंट खाचखळग्यांच्या रस्त्यावर टिकत नसे आणि वीज साठवून नेणे जिकिरीचे होते. टंगस्टनची मजबूत तार ओढण्याची कला साधली, आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगची स्वयंचलित स्टार्टर, ठिणगी आणि दिवे एकत्र चालवणारी विद्युतव्यवस्था आपल्या गाड्यांवर बसवली. पुढच्याच वर्षी जर्मनीत बॉश कंपनीने डायनामो, नियंत्रक, बॅटरी आणि हेडलाइट असा पूर्ण संच बाजारात आणला. आता एका बटणाच्या दाबासरशी लख्ख उजेड मिळू लागला, आणि भांडणाला खरी सुरुवात झाली.

डोळे दिपतात म्हणजे नेमके काय होते, हे शास्त्रज्ञांनी मोजले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. १९२६ मध्ये अमेरिकेत हॉलाडे याने आणि १९२९ मध्ये इंग्लंडात स्टाइल्स याने प्रयोगांतून दाखवले की तीव्र प्रकाश डोळ्यात शिरल्यावर पारपटल आणि नेत्रभिंग यांच्यात विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक धूसर पडदा पसरवतो. धुळकट काचेवर ऊन पडले की पलीकडचे दिसेनासे व्हावे, तसेच हे. पडद्याची दाटी डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात वाढते आणि नजरेच्या रेषेपासून दिवा जितका जवळ, तितकी ती भराभर वाढते: कोन निम्मा झाला की पडदा जवळजवळ चौपट दाट.

या साध्या नियमात बरेच काही दडलेले आहे. समोरच्याचा दिवा दोन अंश खाली वळला तरी त्याचा त्रास कमालीचा घटतो. वयाबरोबर नेत्रभिंग गढूळ होत जाते, म्हणून पंचविशीतल्या चालकाला किरकोळ वाटणारा दिवा साठीतल्या चालकाला रस्ता पुसून टाकणारा ठरतो. आणि डोळ्यांना खुपणे व प्रत्यक्षात न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला त्रास वाटला नाही तरी त्याला समोरचा पादचारी दिसलेला नसू शकतो.

चालकांना हे सूत्र ठाऊक नव्हते, पण उपाय त्यांना आधीच सुचला होता: समोरून कोणी आले की दिवा खाली वळवायचा. १९१५ मध्ये अमेरिकेच्या ‘गाइड लॅम्प’ कंपनीने खाली झुकणारा दिवा आणला. मात्र तो झुकवण्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावे लागे. समोरच्या अनोळखी माणसाच्या सोयीसाठी दर थोड्या वेळाने गाडीतून उतरणारे सज्जन किती निघाले असतील, याची कल्पना करता येते. १९१७ च्या कॅडिलॅकमध्ये यासाठी चालकाच्या हाताशी दांडा आला. इंग्लंडात एक चमत्कारिक पद्धत बरीच वर्षे चालली. बटण दाबले की रस्त्याच्या कडेकडचा दिवा खाली झुके आणि मधल्या बाजूचा सरळ विझून जाई; एकाक्ष गाडी पुढे सरके.

खरी उकल १९२४ साली जर्मनीत झाली. ओस्राम कंपनीच्या ‘बायलक्स’ बल्बमध्ये एकाच काचेत दोन फिलामेंट होते, आणि त्यांची करामत आजही लाखो गाड्यांमध्ये जशीच्या तशी चालू आहे. म्हणून ती जरा बारकाईने पाहण्याजोगी आहे.

हेडलाइटचा आरसा अन्वस्ताकार असतो. त्याच्या नाभीवर दिवा ठेवला तर परावर्तित किरण समांतर निघतात आणि सरळ दूर जातात. हा झाला अप्पर. दुसरे फिलामेंट नाभीच्या किंचित पुढे ठेवले तर आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडणारे किरण खाली झुकतात आणि खालच्या अर्ध्या भागावर पडणारे वर उसळतात. हे वर उसळणारेच समोरच्याच्या डोळ्यात जातात. बायलक्समध्ये या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी बसवलेली असते. ती खालच्या अर्ध्या आरशाकडे प्रकाश जाऊच देत नाही. उरतो तो फक्त खाली झुकलेला उजेड. हा झाला डिपर. सगळी मदार फिलामेंट, वाटी आणि नाभी यांच्यातील मिलिमीटरभर अंतरांवर.

१९२७ पासून पायाने दाबायचे बटण आले आणि अप्पर-डिपर हा जगभरच्या रस्त्यांवरचा एक मूक शिष्टाचार बनला. भारतातल्या ट्रकच्या पाठीवर रंगवलेली ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही विनंती त्याच शिष्टाचाराची.

भारतातच आणखी एक प्रथा अनेक वर्षे रूढ होती: हेडलाइटच्या काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासण्याची. हेतू चांगला होता. भूमिती मात्र उलटी. डिपरचा उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्या भागातून येतो आणि त्याचा मोठा वाटा काचेच्या वरच्याच भागातून बाहेर पडतो. म्हणजे काळ्या रंगाने अडायचा तो प्रामुख्याने निरुपद्रवी, उपयोगाचा उजेड. मग रस्ता दिसेना झालेला चालक काय करणार? तो अप्पर लावणार.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे १९३६ मध्ये कायदा झाला आणि १९३७ पासून नव्या गाड्यांचे हेडलाइट पिवळे असणे सक्तीचे झाले. निळा-जांभळा प्रकाश डोळ्यांना अधिक खुपतो, तेव्हा तो गाळूनच टाकावा, हा त्यामागचा विचार. शत्रूच्या गाड्या ओळखता याव्यात म्हणून हा नियम केला, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. तिच्यात रंजकता अधिक, तथ्य कमी. अर्धशतकभर फ्रेंच रस्ते रात्री केशरी-पिवळे दिसत. १९९३ मध्ये युरोपचे नियम एक करताना ही सक्ती गेली. पिवळ्या काचेने मिळणारा दिलासा मुख्यतः रंगाचा नसून काही टक्के प्रकाश अडल्याचा आहे, हे तोवर बरेच स्पष्ट झाले होते.

मग उजेड कमीच केला तर? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने फार क्रूरपणे देऊन ठेवले आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. रस्त्यावरचे दिवे बंद, हेडलाइटवर जाळीदार मुखवटे. पेट्रोलची टंचाई होती, खासगी गाड्या कमी धावत होत्या, तरीही १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे अपघातात मेली. त्या देशाच्या इतिहासात एका वर्षातला हा सर्वांत मोठा आकडा आजही तोच आहे. भारतात १९७१ च्या युद्धात मुंबईनेही ब्लॅकआउट अनुभवला, पण तो काही आठवड्यांपुरता.

म्हणजे उजेड हवाच, आणि तो समोरच्याच्या डोळ्यात जाताही कामा नये. इथे त्या फिल्मचा जनक रंगमंचावर येतो.

एडविन लँड १९०९ साली कनेटिकटमध्ये जन्मला. १९२६ मध्ये सतराव्या वर्षी तो हार्वर्डला गेला आणि थोड्याच काळात शिक्षण सोडून न्यूयॉर्कला आला. ब्रॉडवेवरून रात्री चालताना हेडलाइटच्या झोताने त्याचे डोळे दिपले आणि हाच आपल्या आयुष्याचा प्रश्न असे त्याने ठरवले, अशी कथा सांगितली जाते. दिवसा तो सार्वजनिक ग्रंथालयात प्रकाशशास्त्र वाचे. रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करी.

त्याची कल्पना प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर उभी होती. साध्या प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांना थरथरतात. ध्रुवक म्हणजे जणू उभ्या गजांची खिडकी: एकाच दिशेची थरथर पार होते, बाकीची अडते. एका ध्रुवकातून आलेला प्रकाश काटकोनात फिरवलेल्या दुसऱ्या ध्रुवकावर पडला तर जवळजवळ पूर्ण अंधार.

असे स्फटिक ठाऊक होते, तेही मोठ्या गमतीच्या मार्गाने. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापथ यांच्या शिष्याने क्विनीन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले आणि हिरवे चमकदार स्फटिक दिसले. ते प्रकाशाचे ध्रुवीकरण करत, पण इतके नाजूक की मोठा स्फटिक वाढवताच येईना. लँडने प्रश्न उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला? कोट्यवधी सूक्ष्म स्फटिक लाखेसारख्या द्रवात मिसळावेत, चुंबकीय क्षेत्राने सगळ्यांची तोंडे एका दिशेला वळवावीत आणि द्रव वाळू द्यावा. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

आता मोटारीवरची योजना पाहावी. प्रत्येक गाडीच्या हेडलाइटवर आणि चालकाच्या डोळ्यांसमोरच्या पट्टीवर, दोन्हीकडे, ४५ अंशांत तिरपा ध्रुवक बसवायचा. सर्व गाड्यांवर एकाच बाजूला तिरपा. चालकाच्या स्वतःच्या दिव्याचा उजेड आणि त्याची पट्टी यांची दिशा एकच, म्हणून त्याला आपला रस्ता दिसणार. समोरची गाडी मात्र तोंड फिरवून येत असते. तिचा तिरपेपणा आरशातल्यासारखा उलटा, म्हणजे बरोबर काटकोनात. तिचे दिवे विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे दिसणार. दोघांनीही अप्पर लावून खुशाल जावे, कोणीच कोणाला दिपवणार नाही. डिपरची, शिष्टाचाराची, ट्रकच्या पाठीवरल्या विनंतीची गरजच संपली.

इतकी देखणी उकल मोटारींच्या इतिहासात दुसरी सापडणे कठीण आहे. १९३७ मध्ये ‘पोलरॉइड’ कंपनी स्थापन झाली ती मुख्यतः याच आशेवर. छायाचित्रणाच्या फिल्टरांना आणि गॉगलना गिऱ्हाईक मिळाले, त्रिमिती चित्रपटांच्या चष्म्यांनाही मिळाले. ज्याच्यासाठी सारा खटाटोप होता त्या डेट्रॉइटच्या कारखानदारांनी मात्र वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि युद्धानंतर अखेर नकार दिला.

त्यांना केवळ कंजूष किंवा दूरदृष्टीहीन म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ध्रुवक निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो, म्हणून दिवे दुपटीहून प्रखर लागणार. त्यासाठी मोठा डायनामो, मोठी बॅटरी. दिव्याच्या उष्णतेने फिल्म खराब होण्याची भीती. या अडचणी पैशाने सुटल्या असत्या. न सुटणारी अडचण वेगळी होती. अमेरिकेच्या रस्त्यांवर तेव्हा तीन कोटींहून अधिक मोटारी होत्या. नवी गाडी घेणारा पहिला माणूस जादा पैसे मोजणार, आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार? समोरून येणाऱ्या जुन्या गाड्यांवर ध्रुवक नाहीत, म्हणून त्यांचा झोत त्याच्या पट्टीतून थोडा मंद होऊन येणारच. उलट त्याचे दुप्पट प्रखर दिवे जुन्या गाडीवाल्यांना आंधळे करणार. सर्वांनी एकाच दिवशी बसवले तर सर्वांचे कल्याण. एकेकाने बसवायला सुरुवात केली तर प्रत्येक पायरीवर नुकसान.

आणखी एक माणूस या हिशेबात नव्हताच: पायी चालणारा. त्याच्या डोळ्यांवर पट्टी नाही. सायकलवाल्याच्याही नाही, बैलगाडी हाकणाऱ्याच्याही नाही. गाड्यांनी आपापसांत तह केला असता आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या बाकी सर्वांनी दिली असती.

लँड खचला नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने मिनिटभरात छायाचित्र हातात देणारा कॅमेरा जगाला दाखवला आणि पोलरॉइड हे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. १९३८ मध्ये त्याने स्फटिकांऐवजी ताणलेले प्लास्टिक आणि आयोडीन वापरून केलेली सुधारित फिल्म पुढे एलसीडी पडद्यांचा पाया ठरली. धाग्याच्या आरंभी उल्लेख आला तो तिच्या वंशजाचा.

डेट्रॉइटने लँडच्या योजनेऐवजी काय निवडले? काच, आरसा आणि फिलामेंट एकत्र बंद केलेला ‘सील्ड बीम’. १९४० पासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीला सात इंची दोन गोल दिवे, सगळे एकाच मापाचे. आत धूळ नाही, पाणी नाही, आरसा काळवंडत नाही. बिघडला की कोणत्याही पेट्रोलपंपावर तोच दिवा मिळणार. निर्णय शहाणपणाचा होता. दुर्दैव असे की तो कायद्यात गोठला. मध्यंतरी चार दिव्यांची आणि पुढे चौकोनी दिव्यांची मुभा मिळाली, पण सील्ड बीमची सक्ती १९८३ पर्यंत टिकली.

त्या चार दशकांत युरोप पुढे सरकला. १९५७ मध्ये तिथे असमान डिपर मान्य झाला. बल्बमधल्या त्या वाटीची एक कड १५ अंशांनी कापली, की उजेडाची वरची सीमा समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली आडवी राहते आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला वर चढते. कडेने चालणारा माणूस आणि मैलाचा दगड लांबून दिसतात, समोरचा चालक मात्र छायेत राहतो. भारतात वाहतूक डावीकडून, म्हणून हा चढ डावीकडे. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातून आणलेला दिवा इथे बसवला तर नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर रोखला जातो. १९६७ मध्ये सित्रोएन डीएस मोटारीला काचेआड बसवलेले, स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे आले. अमेरिकी नियमांना ते चालत नव्हते, म्हणून तिथे जाणाऱ्या गाड्यांवर साधे स्थिर दिवे लावून त्या पाठवल्या जात.

पुढचा काळ प्रखरतेच्या चढाओढीचा. १९६२ मध्ये युरोपात हॅलोजन बल्ब आला, १९७१ मध्ये दोन फिलामेंटचा एच-४. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने झेनॉनचे निळसर पांढरे दिवे आणले, हॅलोजनपेक्षा कमी विजेत दुपटीहून अधिक उजेड. युरोपने त्यावर घातलेली अट लक्षात घेण्याजोगी आहे: इतका प्रखर दिवा हवा असेल तर सामान भरल्यावर गाडीचे नाक वर उचलले गेले तरी झोत आपोआप खाली आणणारी यंत्रणा हवी आणि काच धुणारा फवाराही हवा, कारण मळलेली काच झोताला सीमा ठेवत नाही. २००७-०८ पासून एलईडी आले.

आणि त्यांच्यामागोमाग गल्लोगल्लीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत ‘हॅलोजन काढा, एलईडी टाका’ची लाट आली. इथे १९२४ च्या त्या वाटीकडे पुन्हा वळावे लागते. हॅलोजनच्या आरशाची प्रत्येक वक्रता काही मिलिमीटर लांबीच्या, चहूबाजूंनी उजळणाऱ्या फिलामेंटसाठी आखलेली असते. एलईडीचे दाणे मात्र पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेले चपटे ठिपके. ते जागेपासून जरासे हलले, जाड झाले, एका कुशीवर वळले, की आरसा त्यांना फिलामेंट समजून भलतीकडे फेकतो. गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा दुधासारखा उजळतो आणि चालकाला वाटते, काय झकास दिसते आहे! प्रत्यक्षात जवळच्या त्या चमकेने त्याच्याच डोळ्यांची बाहुली आकसते, दूरचे पूर्वीहून कमी दिसते, आणि सीमा ओलांडून उसळलेला उजेड समोरच्याच्या काचेवर जातो.

याला अपवाद घडवता येतो, हेही नोंदवले पाहिजे. २०२० मध्ये जर्मनीने हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका एलईडी बल्बला प्रथमच परवानगी दिली. बनवणारी कंपनी ओस्राम, बायलक्सचीच. मात्र परवानगी सरसकट नव्हती. ज्या ज्या मोटारीच्या ज्या ज्या हेडलाइटमध्ये तपासून पाहिले, त्यांच्या यादीपुरतीच.

खरे तर जुन्या गाडीचा उजेड वाढवण्याचे जे मार्ग समोरच्याला त्रास देत नाहीत, ते दुकानाच्या काचेत मांडण्याजोगे नसतात. उन्हाने पिवळी पडलेली प्लास्टिकची काच घासून स्वच्छ केली की विखुरणारा प्रकाश पुन्हा झोतात येतो. चालकाचा फायदा आणि समोरच्याचाही. जुन्या वायरिंगमधून बल्बपर्यंत पोहोचताना व्होल्टेज दहा टक्के घटले तर फिलामेंटचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून जाड तार आणि एक रिले बसवला की तो परत मिळतो, मूळच्या ६०/५५ वॅटच्या बल्बमध्येच. शंभर वॅटचा बल्ब टाकणाऱ्याला हा हिशेब सहसा कोणी सांगितलेला नसतो. त्याचा आरसा भाजून निघतो ते वेगळेच. आणि शेवटी नेम: सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली तर डिपरची वरची सीमा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली दिसायला हवी. युरोपात रूढ असलेला एक टक्क्याचा उतार तो हाच.

लँडचे स्वप्न दुसऱ्याच वाटेने काही अंशी खरे झाले. २०१३ मध्ये ऑडीने ए-८ मोटारीवर ‘मॅट्रिक्स’ दिवे बसवले. प्रत्येक हेडलाइटच्या अप्परमध्ये २५ स्वतंत्र एलईडी. काचेमागचा कॅमेरा समोरची गाडी ओळखतो आणि तिच्याकडे रोखलेले तेवढेच दाणे मंद करतो. समोरचा काळोखाच्या चौकटीत, बाकी रस्ता दिवसासारखा. ही उकल लँडच्या उकलीपेक्षा एका बाबतीत सरस आहे: पहिल्या गाडीपासूनच ती कामाला लागते, बाकीच्या कोट्यवधी गाड्यांनी बदलण्याची वाट पाहत नाही. तरीही अमेरिकेने तिला परवानगी दिली ती थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये, कारण जुन्या नियमांना अप्पर आणि डिपर यांच्यामधली अवस्थाच ठाऊक नव्हती.

पण कॅमेरा दुसऱ्या गाडीला ओळखतो तो प्रामुख्याने तिच्या दिव्यांवरून. ज्याच्याजवळ दिवाच नाही, तो रस्त्याच्या कडेने घरी निघालेला माणूस या चौकटीत सहसा बसत नाही. त्याच्यावर पूर्ण झोत पडतो. भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १०६ वा नियम इथे वाचण्याजोगा आहे. दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, इतका की दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो दिपू नये, असे तो सांगतो. त्यासाठी नियमात चालक हा शब्द नाही. ‘कोणीही व्यक्ती’ असे आहे.